नेवार्कचा अष्टकोन

नेवार्कचा अष्टकोन : अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नेवार्क शहरातले मातीच्या बांधांचे विधिस्थळ. सुमारे इ. स. १ ते ४०० या काळात होपवेल संस्कृतीच्या (तिथल्या प्राचीन मूळ रहिवाशांच्या) लोकांनी लाकडी खणत्या आणि टोपल्यांच्या बळावर ते उभारले. चाक किंवा ओझ्याची जनावरे त्यांच्याकडे नव्हती.

अष्टकोनात सुमारे ५० एकर जागा सामावते. प्रत्येक बांध सुमारे १७० मीटर लांब आणि पाच-सहा फूट उंच. आठही कोपरे उघडे आहेत, पण प्रत्येक फटीच्या आतल्या बाजूला एक बुटका उंचवटा आडवा येतो, त्यामुळे बाहेरून थेट आत नजर जात नाही. दोन समांतर बांधांची वाट अष्टकोनाला ३२१ मीटर व्यासाच्या वर्तुळाशी जोडते. जवळजवळ तेवढ्याच व्यासाचे वर्तुळ, तेही अष्टकोनाला जोडलेले, शंभरेक किलोमीटरवरच्या हाय बँक या ओहायोतल्याच दुसऱ्या होपवेल स्थळी आहे आणि त्याचा अक्ष नेवार्कच्या अक्षाशी काटकोन करतो. हा योगायोग मानणे कठीण.

याला किल्ला समजणेही फसवे. नेवार्कमधल्याच ‘महावर्तुळ’ या दुसऱ्या गोल रचनेचा खंदक बांधाच्या आतल्या अंगाला आहे, शत्रूला अडवायला खंदक कोणी आत खणत नाही. अष्टकोनाचा मुख्य अक्ष क्षितिजावर चंद्र सर्वांत उत्तरेला जिथे उगवतो त्या टोकाकडे रोखलेला आहे, हे रे हाइव्हली आणि रॉबर्ट हॉर्न यांनी १९८२ मध्ये मांडले. हे टोक १८.६ वर्षांनी एकदा गाठले जाते. पंचांगातले राहू-केतू, म्हणजे चंद्रकक्षेचे पातबिंदू, राशिचक्राची उलटी फेरी तेवढ्याच काळात पुरी करतात.

नेवार्कचे बरेचसे बांध नांगर, कालवा, रेल्वे आणि घरांखाली गेले. अष्टकोन टिकला, पण १९१० पासून त्यावर गोल्फ मैदान होते : बांध खेळातले अडथळे बनले, लोकांना मोकळा प्रवेश वर्षातून मोजके दिवस. मैदानामुळे तिथे घरे मात्र उभी राहिली नाहीत, हेही मान्य करावे लागते. जागेची मालकी १९३३ पासून आज ‘ओहायो हिस्टरी कनेक्शन’ म्हणवणाऱ्या संस्थेकडे होती. अडचण गोल्फ क्लबकडच्या भाडेपट्ट्याची होती. तो सार्वजनिक हितासाठी मोबदला देऊन परत घेण्याचा दावा २०१८ मध्ये दाखल झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये होपवेलची आठ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मोबदल्यावरची तडजोड २०२४ मध्ये झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून अष्टकोन लोकांसाठी रोज खुला आहे.

दगडी वास्तूपेक्षा अशा बांधाची निगा नाजूक. उतारावरचे गवत एकदा पायांखाली झिजले की पावसाचे पाणी तिथेच घळ पाडते. बिळे करणारे प्राणी आणि वाऱ्याने उन्मळणारी झाडे आतले थर विस्कटतात. गाडलेल्या खुणा शोधायला म्हणूनच आधी चुंबकीय सर्वेक्षण होते, कुदळ शेवटी.