ब्रिटनमधलं गेम डेव्हलपमेंटचं डिझर्टेशन: प्रपोजल परत का येतं आणि एथिक्स कुठे अडतं

ब्रिटनमध्ये गेम डेव्हलपमेंटची एमएससी करायला आलेल्या आपल्या मुलांचे मेसेज मला दर मे महिन्यात येऊ लागतात. "दादा, प्रपोजल परत आलं." प्रपोजल म्हणजे डिझर्टेशनचा, शेवटच्या संशोधन प्रबंधाचा, आराखडा. खाली सुपरवायझरची ओळ चिकटवलेली: हे गेमचं वर्णन झालं, संशोधनाचा प्रश्न कुठे आहे?

पात्रतेचं आधी उरकतो. एमएससी 180 क्रेडिटची, त्यात डिझर्टेशनचे बहुतेक ठिकाणी 60. बाकीच्या 120 मधला एखादा विषय राहिला असेल तर काही विद्यापीठं डिझर्टेशन सुरू करू देतात, काही अडवतात. हे कोर्सच्या यंदाच्या हँडबुकात (नियमपुस्तिकेत) बघा, सिनिअरच्या आठवणीवर जाऊ नका. पासिंग साधारणपणे 50 ला. डिझर्टेशन शेवटपर्यंत निघालंच नाही, तर 120 क्रेडिटवर पीजी डिप्लोमा हातात पडतो.

आता प्रपोजल. बीईला आपण काहीतरी चालतं करून दाखवतो आणि शेवटच्या आठवड्यात ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधून आणतो. ती सवय इथे नडते. इथे गेम हे फक्त मोजमापाचं साधन असतं, मार्क त्यातून निघालेल्या उत्तराला. एकाने लिहिलं होतं, 'अनरीलमध्ये ओपन वर्ल्ड हॉरर गेम, हुशार शत्रूंसह'. (अनरील म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर.) दोनदा परत आलं. मग एका रविवारी बसून ते खरवडलं. उरलं एवढंच: एक सपाट मैदान, त्यात शत्रू 50 पासून 1000 पर्यंत वाढवत न्यायचे. प्रत्येकाने आपापला रस्ता ए-स्टारने (जवळचा रस्ता शोधणाऱ्या अल्गोरिदमने) शोधला तर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र तयार व्हायला, किती वेळ लागतो आणि सगळ्यांनी एकच फ्लो फील्ड (कुठल्या जागेवरून कोणत्या दिशेला जायचं याचा सामाईक नकाशा) वापरलं तर किती? जंगल गेलं, भूत गेलं, पोरगा दोन दिवस रुसला. पण प्रपोजल पास झालं. (ए-स्टार 1968 सालचं आहे. त्याला 'अत्याधुनिक तंत्र' म्हणू नका, परीक्षक हसतात.)

'परफॉर्मन्स तपासणार' एवढ्या वाक्यावरही अर्ज परत येतो. काय मोजणार, कशाने, कोणत्या मशीनवर, किती वेळा, हे लिहा. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) देऊ नका, फ्रेम टाइम मिलिसेकंदात द्या. 60 एफपीएस म्हणजे फ्रेममागे 16.67 मिलिसेकंद. सरासरी छान दिसते आणि मध्येच एखादी फ्रेम 80 मिलिसेकंद खाऊन जाते, खेळणाऱ्याला झटका बसतो तो तिथे. मोजणी गेम बनवायच्या एडिटरमध्ये करू नका, पॅकेज केलेल्या बिल्डवर (स्वतंत्र चालणाऱ्या तयार गेमवर) करा, व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद ठेवून. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, आणि तापला की तो आपणहून वेग कमी करतो हेही ध्यानात असू द्या. एकीचे सगळे आकडे याच कारणाने बाद झाले होते. दुपारची मोजणी एका तंत्राची, रात्रीची दुसऱ्याची, आणि निष्कर्ष काय तर रात्रीचं तंत्र वेगवान!

सगळ्यात जास्त जण अडकतात ते एथिक्सच्या फॉर्मवर, म्हणजे संशोधनाच्या नैतिक बाजूला विद्यापीठाच्या समितीची मंजुरी मागायच्या अर्जावर. 'माणसांचा सहभाग आहे का?' या प्रश्नावर आपला विषय टेक्निकल म्हणून लोक बिनधास्त 'नाही' वर टिक करतात आणि शेवटच्या प्रकरणात 10 मित्रांकडून गेम खेळवून गुगल फॉर्म भरून घेतात. ते मित्र म्हणजेच माणसांचा सहभाग. रूममेटसुद्धा. डिस्कॉर्डवर (गेमर्सच्या चॅट अ‍ॅपवर) लिंक टाकलीत तर भरणारा 18 वर्षांचा आहे की नाही, हे कसं पाहणार तेही सांगावं लागतं. आधी डेटा गोळा केला आणि मग मंजुरी मागितली तर मिळत नाही. तो डेटा टाकून द्यावा लागतो, वर शिस्तभंगाची चौकशी मागे लागू शकते.

खरोखर खेळाडू हवे असतील तर माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली आणि डेटा कुठे ठेवणार याची नोंद, असे चार कागद लागतात. नमुने विद्यापीठाकडे असतात. तरी एक विसंगती दरवर्षी सापडते: वर लिहायचं 'उत्तरं पूर्णपणे निनावी', खाली लिहायचं 'माघार घ्यायची असल्यास ईमेल करा, तुमची उत्तरं काढून टाकू'. निनावी आहेत तर कुणाची काढणार? एक तर प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्या आणि माघारीची शेवटची तारीख लिहा, नाही तर फॉर्म पाठवल्यावर माघार शक्य नाही असं स्पष्ट सांगा. लुकलुकणारे दिवे असतील तर अपस्माराची सूचना घाला, व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचा गेम) असेल तर मळमळीची.

पण माझं ऐकाल तर आधी विचारा, सर्व्हे हवाच कशाला? वरच्या शत्रूंच्या प्रश्नाला एकही माणूस लागत नाही. 12 मित्रांनी '5 पैकी 4' दिल्याने कुठलाही अल्गोरिदम सिद्ध होत नाही, उलट तीन-चार आठवडे मंजुरीची वाट बघण्यात जातात.

तारखेचं. हँडबुकातली एथिक्सची तारीख अनेकदा सुपरवायझरच्या सहीसकट अर्ज समितीकडे पोहोचण्याची असते, तुम्ही सुपरवायझरला पाठवण्याची नव्हे. ही गफलत कुठेही ठळक अक्षरांत सांगत नाहीत आणि चुकलं की 'हँडबुक वाचलं नाही का?' असं वर विचारतात. शिवाय ऑगस्टमध्ये सुपरवायझर सुट्टीवर जातात. त्यांच्या तारखा जूनमध्येच विचारून ठेवा.

मुदतवाढ मिळते, पण 'लॅपटॉप बिघडला' हे कारण सहसा चालत नाही. बॅकअप ठेवणं तुमची जबाबदारी समजतात. गिटहबवर (कोड ऑनलाइन साठवायच्या सेवेवर) 100 एमबीपेक्षा मोठी फाइल साधी ढकलली जात नाही, त्यामुळे गिट एलएफएस (मोठ्या फाइलींसाठीची जोडणी) पहिल्याच दिवशी लावा. आणि विकत घेतलेले असेट (मॉडेल, चित्रं, आवाज) सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, टाकू नका, लायसन्स बहुधा परवानगी देत नाही. आजारपण असेल तर त्याच दिवसांतली तारीख असलेलं डॉक्टरांचं पत्र हवं. घरी येऊन उपचार घेतले असतील तर आपल्या डॉक्टरांकडून ते इंग्रजीत, लेटरहेडवर, तिथून निघण्याआधीच घ्या.

शेवटी व्हिसा. अंडरग्रॅज्युएट मित्र उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करतात म्हणून आपणही करायला जातो. एमएससीवाल्यांना डिझर्टेशनचा उन्हाळा ही सुट्टी नाही, आठवड्याला 20 तासांची मर्यादा तेव्हाही लागू असते. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, त्यामुळे डिझर्टेशनचा गेम स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) विकायला काढण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला विचारा. ग्रॅज्युएट व्हिसाचा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करायच्या व्हिसाचा) अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, चालू व्हिसा संपण्यापूर्वी करावा लागतो, आणि तोही अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने होम ऑफिसला (व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याला) कळवल्यावर. डिझर्टेशन सप्टेंबरात दिलं तरी निकाल परीक्षा मंडळाच्या बैठकीनंतर लागतो. दिवाळीला घरी यायचं तिकीट काढण्याआधी त्या बैठकीची तारीख कोर्स ऑफिसकडून ईमेलवर मागून घ्या. तोंडी सांगितलेली धरू नका.