फोडणी दिली म्हणून भात शुद्ध होत नाही

वैशाखातलं लग्न, लातूर-धाराशिवकडे पारा चाळिशीच्या वर, आणि पंगती उठल्यावर पातेलंभर भात उरलेला. ‘राहू द्या, संध्याकाळी फोडणी देऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण इथे गाठ बॅसिलस सेरेअसशी असते.

हा मातीतला जिवाणू, तांदळाबरोबर घरात येतो. परिस्थिती बिघडली की तो कडक कवचाचे बीजाणू तयार करतो. भात शिजताना बाकीचे बहुतेक जंतू मरतात, बीजाणू मात्र टिकतात, उलट उष्णतेने जागे होतात. मोठ्या पातेल्यातला भात वरून गार लागला तरी मध्ये हात घालून बघा, तासन्‌तास कोमट असतो. तेवढं त्यांना पुरतं. दर 20 मिनिटांनी संख्या दुप्पट होते असं धरलं, तर एका पेशीच्या 6 तासांत अडीच लाखांहून जास्त होतात. त्यातल्या काही जाती उलट्या करवणारं विष भातात सोडतात आणि ते 121 अंशांनाही मोडत नाही. फोडणीची काय कथा!

उपाय साधा आहे. उरलेला भात परातीत पातळ पसरून लवकर गार करायचा आणि एरवी दोन तासांत, अशा उन्हाळ्यात तासाभरातच फ्रिजमध्ये ठेवायचा. 5 ते 60 अंशांचा टप्पा धोक्याचा. फ्रिजमध्येही वाढ फक्त मंदावते.

बीजाणूंनी प्रयोगशाळांनाही छळलंय. लंडनमध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचे उकळलेले गवताचे काढे नासू लागले. त्यावर त्यांनी 1877 मध्ये तोड काढली: एकदाच न उकळता अधूनमधून तापवायचं. मधल्या वेळात बीजाणू अंकुरतात आणि पुढच्या तापवणीत मरतात. आता दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, ऑटोक्लेव्ह, आहे: 121 अंश, 15 पौंड दाब, साधारण 15 मिनिटं. घरचा कुकर याच जातकुळीतला.

परभणीच्या कृषी विद्यापीठातली जैविक खतं आपण सोयाबीनच्या बियाण्याला चोळतो. अशा खतांसाठी रायझोबियम हा हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारा जिवाणू वाढवताना त्याचं खाद्य, म्हणजे माध्यम, निर्जंतुक केलं तरी परके जिवाणू शिरतातच. ते ओळखायला माध्यमात काँगो रेड हा रंग घालतात. रायझोबियमच्या वसाहती तो फारसा शोषत नाहीत, पांढुरक्या राहतात. बाकीचे बरेच जिवाणू लाल होतात आणि पकडले जातात. मला ही युक्ती फार आवडते.

अन्नात असा रंग घालता येत नाही, मग जंतूंचं पाणी तोडायचं. भूमकडचा खवा उन्हाळ्यात बाहेर लवकर आंबतो. त्यात साखर घालून, आणखी आटवून केलेला कुंथलगिरीचा पेढा जास्त टिकतो, कारण उरलेलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं. हे मोकळं पाणी 0 ते 1 या मापात मोजतात. साल्मोनेलाला 0.94 च्या आसपास तरी लागतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू मात्र ते 0.86 पर्यंत उतरलं तरी वाढतो आणि तो येतो माणसाच्या नाकातून, जखमेतून. तेव्हा पेढे वळणाऱ्याच्या बोटाला कापलेलं असेल, तर त्याला त्या दिवशी दुसरं काम द्यावं.