रिव्हेट गन पाठवण्याआधी आम्ही ओळंब्याचे फोटो का मागतो

घरी विमानाचे पंख जुळवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
कुपवाड एमआयडीसी, सांगली

"डिपॉझिट भरलं, पत्ता दिला, क्लेको लावून तयार आहे, शनिवार-रविवार मोकळा ठेवलाय, गन धरायला एक आणि बकिंग बार धरायला एक अशी माणसंही बोलावलीत. आणि तुम्ही म्हणता आधी फोटो पाठवा!" रिव्हेट गन, म्हणजे हवेच्या दाबाने रिव्हेट ठोकणारं यंत्र, आम्ही भाड्याने देतो, आणि असा फोन आम्हाला वरचेवर येतो. (क्लेको म्हणजे पत्रे तात्पुरते जोडून धरणारी पिन, बकिंग बार म्हणजे रिव्हेटच्या मागून धरायचा लोखंडी ठोकळा.) तक्रार समजण्यासारखी आहे. पण पंखाला पीळ नाही हे ओळंब्याच्या फोटोत दिसल्याशिवाय गन पाठवायची नाही, हा नियम आम्ही सैल करणार नाही, आणि तो का आहे हे एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक.

2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान मुंबईत मांडलं. घरी विमान बांधता येतं ही गोष्ट आपल्याकडे आता कुणाला पटवून द्यावी लागत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पत्र्याचं काम जाणणारे असतात, त्यामुळे बर (होलच्या कडेची धार) कशी काढायची, डिंपल (रिव्हेटच्या डोक्यासाठी पत्रा दाबून केलेला खळगा) कधी आणि काउंटरसिंक (तोच खळगा कापून केलेला) कधी, हे इथे सांगत बसत नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते.

अडचण आहे पिळाची. पंखाच्या मुळाशी जो कोन आहे तोच टोकाशी हवा, किंवा डिझाइनमध्ये वॉशआउट (टोकाकडे मुद्दाम कमी ठेवलेला कोन) दिला असेल तर नकाशात लिहिलाय तेवढाच फरक हवा. त्याहून जास्त वळण म्हणजे पीळ. डाव्या आणि उजव्या पंखाचा पीळ वेगळा असला तर विमान हवेत सतत एका बाजूला कलत राहतं, स्टिक धरून धरून हात भरून येतो, आणि वेग कमी झाल्यावर एक पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो. ट्रिम टॅब (मागच्या कडेची छोटी पट्टी) लावून कलणं थोडंफार झाकता येतं, पण स्टॉलचं वागणं तसंच राहतं.

आता मुख्य मुद्दा. स्किन (पंखावरचा पत्रा) बसवण्याआधी स्पार (लांबीच्या तुळया) आणि रिबचा (आडव्या फासळ्यांचा) सांगाडा एका हाताने पिळता येतो. वरच्या बाजूची एकच स्किन रिव्हेट केली तरी तो बराच ऐकतो. पण वरची आणि खालची अशा दोन्ही स्किन लागून पेटी बंद झाली, की तोच पंख पिळायला दोन माणसं लटकली तरी हलत नाही. बुटाचा खोका घेऊन बघा: झाकण काढून पिळा, मग झाकण चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून पिळा. उघड्या आणि बंद पेटीत एवढा फरक पडतो, म्हणून तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा पंख हवेतला भार घेऊ शकतो. पण बंद होताना पेटी ज्या आकारात होती, तोच आकार कायमचा धरून ठेवते. सरळ असेल तर सरळ, पिळलेली असेल तर पिळलेली.

दर वर्षी असे पंख टेम्पोत घालून आमच्या दारात येतात. "जरा सरळ करून द्या" म्हणतात. बंद पंख सरळ करता येत नाही. दाब देऊन, गरम करून, जॅक लावून, कशानेच नाही. आणि गरम तर चुकूनही करू नका, 6061-टी6 किंवा 2024-टी3 पत्र्याचं टेम्परच, म्हणजे कडकपणाच, जातो. एकच उपाय उरतो: रिव्हेट ड्रिल करून स्किन उघडायची. त्यात शेकड्यांनी रिव्हेट काढावे लागतात. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध पंच मारायचा, फक्त डोक्याच्या जाडीएवढंच ड्रिल करायचं, पिन पंचने डोकं मोडायचं, मग मागून आधार देऊन दांडा बाहेर ठोकायचा. ड्रिल जरा सरकलं की होल लंबगोल. मग तिथे एक माप मोठा रिव्हेट, आणि मोठा रिव्हेट म्हणजे कडेपासूनचं अंतर पुन्हा तपासा, कारण होलच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट जागा लागते. ती उरली नसेल तर रिबच नवी. हे काम आम्ही करतो, पण त्याचा हिशेब तासांवर होतो आणि तो आकडा ऐकून ग्राहक नाराज होतात. त्यांना नाराज करण्यापेक्षा आधी फोटो मागितलेला बरा, असं आम्हाला वाटतं.

"पण माझं किट मॅच्ड-होल आहे"

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. हल्लीच्या किटमध्ये कारखान्यातूनच होल पाडून येतात, स्किनचं होल रिबच्या होलवर आलं की पंख आपोआप सरळ, असं समजलं जातं. पुष्कळ अंशी ते खरंही आहे, आणि जुन्या काळच्या कोऱ्या पत्र्यावर होल मारत बसण्यापेक्षा हे किती तरी सुखाचं आहे. पण कारखान्यातून येणारी होल बहुधा शेवटच्या मापाहून लहान असतात. ती तुम्ही क्लेको लावून पूर्ण मापाला ड्रिल करता: 3/32 इंचाच्या रिव्हेटला 40 नंबरचं ड्रिल, 1/8 ला 30 नंबरचं. ते ड्रिलिंग चालू असताना सांगाडा पिळलेल्या स्टँडवर बसला असेल तर होल त्या पिळातच पूर्ण मापाची होतात. त्यानंतर होल बरोबर जुळली तर ती पिळातच जुळलेली असतात. आणि होल शेवटच्या मापाला तयार असलेल्या, पॉप रिव्हेटच्या (एकाच बाजूने बसणाऱ्या रिव्हेटच्या) किटमध्येही प्रत्येक होलला थोडी ढिलाई असतेच. तीन मीटर लांबीत ती सगळी एका बाजूला गेली की पीळ आलाच.

स्टँड पिळतो कशामुळे? बहुतेक वेळा जमिनीमुळे. आपल्याकडे पार्किंग असो, अंगण असो की गच्ची, पाणी निघून जावं म्हणून गवंडी उतार काढतोच. डोळ्याला तो दिसत नाही. त्यावर दोन स्टँड उभे केले की एक या बाजूला, एक त्या बाजूला झुकतो, आणि त्या दोघांत बोल्टने आवळलेला मुख्य स्पार दोन टोकांना दोन कोनांत धरला जातो. दुसरं कारण ओलं लाकूड. वखारीतून आणलेल्या लाकडाचे स्टँड मे महिन्यात सरळ असतात आणि ऑगस्टमध्ये नसतात.

ओळंबा कसा सोडायचा

पंख स्टँडवर उभा असावा: लीडिंग एज (पंखाची पुढची कड) खाली, मागचा स्पार वर. आधी स्टँडचे दोन्ही खांब ओळंब्यात आणि मुख्य स्पारची दोन्ही टोकं एका पातळीत घ्या. यासाठी महागडी लेसर लेव्हल लागत नाही. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, तीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, मग ती इतक्या लांबीत मिलिमीटरपर्यंत फरक दाखवते.

मग मागच्या स्पारच्या वरून ओळंबे सोडायचे: एक मुळाशी, एक टोकाशी, एक मध्ये. पंखाची जाडी मुख्य स्पारपाशी जास्त असल्यामुळे दोरा सरळ सोडला तर तो मध्येच सांगाड्याला टेकतो. म्हणून मागच्या स्पारला बाहेर येणारी पट्टी लावून तिच्या टोकावरून दोरा सोडावा लागतो, आणि तिन्ही पट्ट्या अगदी एका मापाच्या हव्यात. सुताराकडून करून आणलेल्या पट्ट्यांनी बरेच जण इथेच फसतात. आमच्या पट्ट्या एकाच डायवर कापलेल्या असतात आणि स्पारच्या कारखान्यातल्या होलमध्येच बसतात. गनच्या भाड्यात त्या मोफत येतात, नुसत्या हव्या असतील तरी देतो.

दोरा म्हणून सुतळी नको, मासे धरायचा तंगूस वापरा. ओळंबा निम्म्या बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे हेलकावे लगेच थांबतात. पंखा बंद करा, शेडचं दार लावून घ्या. आता दोऱ्यापासून मुख्य स्पारच्या फ्लँजच्या (पसरट बाजूच्या) कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या मोजपट्टीने तिन्ही ठिकाणी मोजा. समान रुंदीच्या, वॉशआउट नसलेल्या पंखात मुळाचं आणि टोकाचं माप सारखं आलं पाहिजे. ही दोन सारखी आणि मधलं वेगळं असेल, तर पीळ नाही पण मागचा स्पार वाकलाय. तिथल्या रिब आधी बघा.

दोन स्पारमध्ये 750 मिलिमीटर अंतर धरलं तर 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे एका अंशाचा साधारण तेरावा भाग. स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्याला एवढा फरक नीट दिसत नाही, ओळंब्याला दिसतो. आमची स्वतःची हद्द अर्धा मिलिमीटर आहे. किटच्या पुस्तकात वेगळी हद्द दिली असेल तर तीच पाळा. फरक जास्त आला तर टोकाकडच्या स्टँडचा बोल्ट सैल करून पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला, पुन्हा आवळा, पुन्हा मोजा.

कधी मोजायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच सगळ्यांची चूक होते. लोक शेवटची खालची स्किन लावायच्या आधी मोजतात, कारण पंख तेव्हा बंद होतो असं त्यांना वाटतं. पण पहिली पेटी त्याच्या आधीच बंद झालेली असते. लीडिंग एजची स्किन नाकावरून वळून वरून-खालून मुख्य स्पारला रिव्हेट झाली की तीच एक बंद पेटी तयार होते, आणि पंखाचा पीळ मुख्यतः तीच धरून ठेवते. त्यानंतर फरक सापडला तर उशीर झालेला असतो. किटप्रमाणे स्किनचा क्रम बदलतो. तुमच्या किटमध्ये जी पेटी पहिल्यांदा बंद होते तिच्याआधी मोजा. म्हणजे एकदा पूर्ण मापाला ड्रिल करण्याआधी, दुसऱ्यांदा बर काढून, डिंपल करून, प्रायमर मारून परत क्लेको लावल्यावर, पहिला रिव्हेट बसायच्या आधी. आम्ही फोटो मागतो तो या दुसऱ्या वेळचा.

उन्हाचं एक सांगायला हवं. ॲल्युमिनियमचा तीन मीटर लांब पत्रा दहा अंशांनी तापला की सुमारे 0.7 मिलिमीटर वाढतो. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीतून ऊन एका बाजूच्या स्किनवर पडत असतं आणि सांगाडा त्यामानाने गार असतो. तेव्हा मोजलेलं माप धरू नका, आणि त्या अवस्थेत रिव्हेटही मारू नका. संध्याकाळी स्किन आकसते आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढते. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, पंख आणि स्किन रात्रभर एकाच खोलीत असताना मोजा.

त्याच ओघात दोन गोष्टी. ॲल्युमिनियमवर खुणा पेन्सिलीने करू नका, ग्राफाइटमुळे पत्र्याला गंज धरतो, मार्कर वापरा. आणि कृष्णाकाठी गावभागात राहणाऱ्यांनी किटच्या पेट्या पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवू नयेत, 2019 चा पूर आठवत असेलच. खोक्यातल्या कागदात ओल शिरली तरी पत्र्यावर डाग पडतात.

आमचा हेका काही जणांना जाचक वाटतो, हे माहीत आहे. "गन भाड्याने घेतली, पंख माझा, चूक झाली तर माझी" असंही ऐकवलं जातं. पण गन घरात आली की ती वापरल्याशिवाय कुणी राहत नाही, आणि डिपॉझिट परत करताना त्याच ग्राहकाला स्किन उघडण्याचं एस्टिमेट देणं आम्हाला जमत नाही. फोटो तपासण्याचे आम्ही पैसे घेत नाही. प्रत्यक्ष येऊन मोजून हवं असेल तर कराड, कोल्हापूर, सातारा इथपर्यंत येतो. त्याचा फक्त प्रवासखर्च आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. लोखंडी चौकोनी पाइपचे स्टँडही आम्ही बनवून देतो, त्यांच्या पायाला लेव्हलिंग बोल्ट असतात, म्हणजे उताराच्या जमिनीवरही पाच मिनिटांत ओळंब्यात येतात. लाकडी स्टँडवर अडकलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या पंखाला आमचेच स्टँड नेतात.

डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी आणि नोंदणी हा विषय तुमचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण कामाची नोंदवही ठेवाच. पेटी बंद झाल्यावर आत काय आहे हे कुणालाच दिसत नाही, तेव्हा ओळंब्याचे हेच फोटो, तारीख आणि मापांसह, तिथेही उपयोगी पडतात.

फोटो पाठवताना तिन्ही ठिकाणची मोजपट्टी जवळून दिसली पाहिजे, दोरा आणि फ्लँज एकाच फोटोत, शिवाय लांबून पूर्ण पंखाचा एक. नुसता आकडा लिहून पाठवू नका. सकाळी अकरापर्यंत फोटो आले आणि मापं ठीक असली तर गन त्याच संध्याकाळच्या एसटी पार्सलने निघते. सोबत रिव्हेट सेट, दोन बकिंग बार आणि डोकं तपासायचा गेज येतो. बसलेल्या रिव्हेटचं मागचं डोकं रुंदीला व्यासाच्या दीडपट आणि उंचीला निम्मं असलं पाहिजे. कॉम्प्रेसर मात्र तुमचा लागेल, आणि पावसाळ्यात त्याच्या लाइनला पाण्याचा सापळा बसवल्याशिवाय गन जोडू नका.