शंभर ग्रॅमला किती? नाश्त्याच्या धान्याचा हिशेब

२४० मिलीचा एक कप कॉर्नफ्लेक्सने काठोकाठ भरा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. काटा २८-३० ग्रॅमच्या आसपास थांबेल. तोच कप रोल्ड ओट्सने, म्हणजे दाणा चपटा केलेल्या ओट्सने भरला, तर ८० ते ९० ग्रॅम भरतात. भांडे तेच, दिसायलाही तेवढेच, पण पोटात जाणारे धान्य जवळपास तिप्पट. पाकिटावर 'एक सर्व्हिंग ३० ग्रॅम' असे छापलेले असते, त्या हिशेबाने पावणेपाचशे ग्रॅमचे पाकीट एकाला पंधरा-सोळा दिवस पुरायला हवे. भूक लागलेले मूल मात्र बाऊल दोनदा भरून घेते आणि पाकीट आठवड्यात संपते. म्हणून पाकिटाची किंमत किंवा सर्व्हिंगची संख्या बघून नाश्ता स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही. त्यासाठी दोन आकडे लागतात: १०० ग्रॅमची किंमत आणि त्या १०० ग्रॅममधली प्रथिने व तंतू (फायबर).

पहिला आकडा पाकिटावरच असतो. एमआरपीजवळ बारीक अक्षरात 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते. इथे एक खाच आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला असते आणि जास्त वजनाच्या पाकिटावर दर किलोला. ०.४० रुपये आणि ३२० रुपये हे आकडे शेजारी ठेवले की गोंधळ होतो. ग्रॅमच्या दराला १०० ने गुणा, किलोच्या दराला १० ने भागा. पहिले पाकीट १०० ग्रॅमला ४० रुपयांचे, दुसरे ३२ रुपयांचे. 'फॅमिली पॅक' नेहमीच स्वस्त असतो असेही नाही. कधी ऑफर लागलेली दोन छोटी पाकिटे स्वस्त पडतात.

आता दुसरा आकडा. समजा, साधे कॉर्नफ्लेक्स १०० ग्रॅमला ४० रुपये, रोल्ड ओट्स २० रुपये, पोहे ६ आणि लापशी रवाही ६ रुपये पडतो. गावागावात भाव बदलतील, पण पद्धत तीच राहील. १०० ग्रॅम कॉर्नफ्लेक्समध्ये साधारण ७ ग्रॅम प्रथिने असतात, पोह्यांत साडेसात, लापशी रव्यात साडेदहा आणि ओट्समध्ये १२-१३. म्हणजे १० ग्रॅम प्रथिनांसाठी कॉर्नफ्लेक्सला ५७ रुपये मोजावे लागतात, ओट्सला १६, पोह्यांना ८ आणि लापशीला ६. तंतूंचेही तसेच: कॉर्नफ्लेक्स व पोह्यांत ३-४ ग्रॅम, ओट्स आणि लापशीत १० च्या आसपास.

हे जास्तीचे पैसे धान्याचे नसून कारखान्यातल्या प्रक्रियेचे, खोक्याचे आणि वाहतुकीचे असतात. कॉर्नफ्लेक्ससाठी मक्याची साल आणि अंकुर काढून टाकतात. उरलेले तुकडे साखर, मीठ आणि माल्ट घालून वाफेच्या दाबाखाली शिजवतात, वाळवतात, रुळांखाली चपटे करतात आणि कडक भट्टीत भाजतात. शिजताना पिष्टमयाचे (स्टार्चचे) कण फुगून फुटतात. मग पचनरसातल्या विकरांना (एन्झाइम्सना) फारसे काम उरत नाही आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढते. म्हणूनच कॉर्नफ्लेक्सचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचे माप (ग्लुकोज १०० धरून), ८० च्या आसपास निघतो. रोल्ड ओट्सच्या खिरीचा तो ५५ च्या जवळ असतो, पण बारीक चुरलेल्या इन्स्टंट ओट्सचा पुन्हा ८० कडे जातो. धान्य तेच, फक्त चुरा केल्याने फरक पडला. त्यामुळे ओट्स घ्यायचेच असतील, तर दाणा चपटा केलेले, साधे, मोठ्या पाकिटातले घ्यावेत. मसाला ओट्सच्या छोट्या पुडीत आपण मीठ-मसाल्याला ओट्सचा भाव देतो. तिखट ओट्स हवे असतील, तर मोहरी, कढीपत्ता आणि गाजर-मटार घालून सात-आठ मिनिटांत घरीच होतात.

साखरेकडे वेगळे बघायला हवे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ते पाकीट तिथेच परत ठेवावे. पण साखर, मध, माल्ट अर्क, ग्लुकोज सिरप अशी वेगवेगळी नावे दिली की प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि सगळी यादीत खाली सरकतात. त्यांची बेरीज पोषणतक्त्यात 'टोटल शुगर' आणि 'अ‍ॅडेड शुगर' या ओळींत सापडते. चॉकलेटच्या अनेक प्रकारांत १०० ग्रॅममागे २५ ते ३५ ग्रॅम साखर असते. मुलाने ६० ग्रॅम खाल्ले, तर चार चहाचे चमचे साखर सकाळीच पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठीसुद्धा दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले म्हणते.

या साखरेला चवीपलीकडेही एक काम असते. तिचा पातळ थर दुधाला आत शिरू देत नाही, म्हणून फ्लेक्स जास्त वेळ कुरकुरीत राहतात. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, तेव्हा आपल्या घरांतल्या गरम दुधात तिचे फ्लेक्स बघता बघता लगदा झाले. गरम दूध पातळ असते आणि पिष्टमय त्यात लवकर मऊ पडते. ज्या घरात दूध गरमच लागते, तिथे ओट्स, लापशी किंवा नाचणी हेच सोयीचे, कारण त्यांना मऊच व्हायचे असते.

पाकिटातल्या फ्लेक्सची एक बाजू खरी आहे: त्यांत लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात. दूध-अंडी कमी खाणाऱ्या शाकाहारी घरात त्यातल्या बी-१२ ला मोल आहे. तेवढ्यासाठी फ्लेक्स घ्यायचे असतील, तर साधे घ्यावेत आणि वर केळे चिरून घालावे. मूल चॉकलेटवर अडून बसले असेल, तर अर्धे साधे, अर्धे चॉकलेटचे असे मिसळावे आणि महिनाभरात प्रमाण हळूहळू उतरवावे.

पोह्यांचा दोष प्रथिनांचा, आणि तो भरून काढणे सोपे आहे. एका माणसाच्या ६० ग्रॅम पोह्यांत साडेचार ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाण्यांनी ती दुप्पट होतात. लिंबू केवळ चवीला नसते. पोह्यांतले लोह क जीवनसत्त्वासोबत जास्त शोषले जाते. लगेच वर घेतलेला चहा मात्र ते अडवतो, म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

लापशी रवा घेताना रंग बघा. तांबूस कोंडा दिसला पाहिजे. पांढरा बारीक रवा गव्हाच्या आतल्या गराचा असतो, त्यात तंतू फारसे उरत नाहीत. एक वाटी लापशी रवा चमचाभर तुपात खमंग भाजावा, साडेतीन वाट्या पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या द्याव्यात. न भाजता शिजवली तर लापशी चिकट होते. भाजल्याने दाण्याच्या वरच्या थरातले पिष्टमय कमी सुटते.

नाचणीबाबत फसगत होते ती 'सत्त्व' या शब्दाने. पारंपरिक सत्त्वात भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात, त्यामुळे कोंडा आणि त्यातले तंतू चोथ्यात जातात. बाळासाठी ते हलके असते, पण मोठ्या मुलांना आणि माणसांना अख्ख्या नाचणीचे, मोड आणून दळलेले पीठ द्यावे. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात दिवसभर बांधा, सावलीत वाळवा, हलकी भाजून दळा. मोडांत तयार झालेली विकरे पिष्टमय तोडतात, म्हणून खीर पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पीठ आधी थंड पाण्यात कालवावे. गरम पाण्यात टाकले तर बाहेरचा थर लगेच शिजतो, आत कोरडे पीठ अडकते आणि गुठळ्या होतात.

दुधात घालून खायला कुरकुरीतच हवे असेल, तर घरचे मिश्रण करावे: ५०० ग्रॅम रोल्ड ओट्स, १०० ग्रॅम ज्वारीच्या लाह्या, १५० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळे आणि ५० ग्रॅम तीळ. ओट्स कोरड्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावेत, रंग बदलू देऊ नये. दाणे आणि तीळ वेगवेगळे भाजावेत, कारण दाणे होईपर्यंत तीळ करपतात. सगळे पूर्ण गार करून मगच डब्यात भरावे, नाहीतर झाकणाखाली वाफ धरते आणि लाह्या चामट होतात. मनुका, खजूर डब्यात घालू नयेत. त्यांतला ओलावा लाह्या ओढून घेतात. ते आयत्या वेळी बाऊलमध्ये टाकावेत. ५० ग्रॅम मिश्रण आणि २०० मिली दूध मिळून १३-१४ ग्रॅम प्रथिने होतात.

एका वेळी तीन आठवड्यांपुरतेच करावे. दाणे आणि तिळातले तेल हवेने खवट होते, उन्हाळ्यात लवकरच. डबा उघडल्यावर जुन्या तेलाचा किंवा ऑइल पेंटसारखा वास आला, तर ते मिश्रण टाकून द्यावे.