पेंटची बादली आणि माईनस्वीपरचं शून्य: कोड सारखाच दिसतो, तिथेच घोळ होतो

माईनस्वीपर (विंडोजमधला तो सुरुंग शोधायचा जुना गेम) लिहायला घेतलं की पहिला अर्धा तास मस्त जातो. ग्रिड काढली, रँडमने सुरुंग पेरले, प्रत्येक घराभोवतीचे सुरुंग मोजून आकडे टाकले, आणि मग येतं ते रिकाम्या घरावर क्लिक केल्यावर भसकन अख्खा पट्टा उघडतो ते प्रकरण. इथे बरेच जण म्हणतात अरे हे तर पेंटमधल्या बादलीसारखंच आहे, फ्लड फिल, आणि तोच कोड उचलून आणतात. मीपण आणला होता. लीटकोडचा (कोडिंगच्या सराव प्रश्नांची वेबसाइट) ७३३ नंबरचा फ्लड फिल सोडवून झालेला, ५२९ नंबरचा माईनस्वीपर समोर आला, म्हटलं ग्रिड तीच, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच परत बोलावणं) तेच, चिकटवून टाकू. चिकटवलं तर उत्तर थोडं बरोबर थोडं चूक यायला लागलं, आणि असं अर्धवट बरोबर उत्तर पूर्ण चुकलेल्यापेक्षा जास्त डोकं खातं.

आमच्या एमएससीआयटीच्या क्लासला विंडोज एक्सपीवर हे दोन्ही असायचे, सर बाहेर गेले की एका मशीनवर पेंट नि दुसऱ्यावर माईनस्वीपर, पण दोघांच्या पोटात जवळजवळ एकच युक्ती चाललीये हे तेव्हा कुणाला माहीत.

आधी बादली बघू. तुम्ही पांढऱ्या पिक्सेलवर क्लिक केलं, निळा रंग निवडलाय. प्रोग्राम काय करतो, क्लिक केलेल्या पिक्सेलचा मूळ रंग लक्षात ठेवतो, तो निळा करतो, आणि वर खाली डावीकडे उजवीकडे अशा चार शेजाऱ्यांकडे जातो, शेजारीपण पांढराच असेल तर त्यालाही निळा करतो, नसेल तर गुपचूप परत फिरतो. चारच का? तर पेंटमधे एक पिक्सेल जाडीची तिरकी रेघ ओढा आणि झूम करून बघा, रेघेचे पिक्सेल एकमेकांना फक्त कोपऱ्याला चिकटलेले दिसतील. आठ दिशांनी गेलात तर रंग त्या कोपऱ्यातून पलीकडे गळणार आणि सगळं चित्र निळं होणार.

आता शून्य. माईनस्वीपरमधे एखाद्या घराचा आकडा शून्य म्हणजे त्याच्या आठही शेजारी घरांत सुरुंग नाही, बुद्धिबळातला राजा एका चालीत जिथे जिथे जाऊ शकतो ती सगळी घरं सेफ. मग तिरकी चार घरं का सोडायची? सोडली तर काय होतं ते छोट्या उदाहरणात बघा. पहिल्या ओळीत तिसऱ्या घरात एक सुरुंग, तिसऱ्या ओळीत पहिल्या घरात एक सुरुंग, बाकी कुठे काही नाही. डावीकडचं वरचं कोपऱ्यातलं घर शून्य येतं, त्याच्या उजवीकडे १, खाली १, आणि तिरकं घर २. कोपऱ्यावर क्लिक केलं की बादलीवाला कोड दोन्ही १ उघडतो पण २ बंदच ठेवतो, कारण तिथे जायला फक्त तिरकी वाट आहे. गंमत म्हणजे ९ बाय ९ वर मधोमध एकच सुरुंग ठेवून टेस्ट केलंत तर चार दिशांचा कोडपण अगदी बरोबर चालतो, म्हणून ही चूक लवकर सापडतच नाही.

पण दिशा बदलून भागत नाही, खरी भानगड काठाची आहे. बादली काठाला हातच लावत नाही, काळी रेघ आली की थांबली, रेघ काळीच राहते. माईनस्वीपरमधे मात्र काठावरचे आकडे उघडायचे असतात आणि तिथून पुढे जायचं नसतं. म्हणजे आधी घर उघडा, मग आकडा बघा, आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर तिथेच थांबा. हा क्रम उलटा केला, आधी आकडा बघून परत फिरलात, तर स्क्रीनवर नुसती रिकामी घरं उघडतील आणि एकही आकडा दिसणार नाही, आता खेळणाऱ्याने डोकं कशावर लावायचं?

मला हे कळलं ते असं की पेंटमधे आत यायचं की नाही हे ज्याच्या दारात जातोय तो ठरवतो (तू पांढरा आहेस का?), आणि माईनस्वीपरमधे जो पाठवतोय तो ठरवतो. शून्याने एकदा सांगितलं माझे सगळे शेजारी सेफ आहेत की त्या आठ जणांना परत सुरुंग आहे का म्हणून विचारायची गरजच नाही. माझ्या कोडमधे तो चेक होता, काढून टाकला, काही फरक पडला नाही.

दुसरं म्हणजे आलो होतो ही खूण. बादलीत रंग हीच खूण, निळा झालेला पिक्सेल आता पांढरा नाही म्हणून परत कुणी जात नाही. (नवा रंग आणि जुना रंग एकच दिला तर ही खूणच गायब होते, ७३३ मधला सापळा हाच.) माईनस्वीपरमधे उघडलंय ही खूण शेजाऱ्यांकडे जायच्या आधी करायची, नाहीतर दोन शून्यं एकमेकांना बोलावत बसतात. पायथनची रिकर्शनची मर्यादा डिफॉल्ट १००० असते आणि एक्सपर्ट बोर्ड १६ बाय ३० म्हणजे ४८० घरांचा, खूण नीट केली असेल तर रिकर्शनची खोली (एकात एक किती कॉल गेले ते) मर्यादेच्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा ९ बाय ९ वर रिकर्शन एरर आला की मर्यादा वाढवत बसू नका, खूण विसरलात. बादलीचं तसं नाही, १९२० बाय १०८० चं चित्र म्हणजे वीस लाखांच्या वर पिक्सेल, तिथे रिकर्शन सोडून जायच्या पिक्सेलची रांगच (क्यू) लावावी लागते.

आकडे मोजायचा लूपपण त्याच आठ दिशांचा असतो म्हणून लोक त्यातही रिकर्शन घुसवतात, नका घुसवू, मोजणी एक पाऊल बघते आणि थांबते. उलट सुरुंगाकडून मोजा, प्रत्येक सुरुंगाने आपल्या आठ शेजाऱ्यांत एक एक वाढवायचा, एक्सपर्टच्या ९९ सुरुंगांना जास्तीत जास्त ७९२ वेळा, घराघरातून मोजलं तर साधारण ३८०० वेळा. वेगाचा फरक कुणाला जाणवणार नाही म्हणा, पण लिहायला सुटसुटीत आहे. फक्त पायथनमधे उणे एक इंडेक्सला एरर येत नाही, तो शेवटची ओळ देतो, त्यामुळे वरच्या काठाचे सुरुंग खालच्या काठाचे आकडे वाढवून मोकळे होतात. एकतर हद्द तपासा नाहीतर भोवती एक रिकामी ओळ जास्तीची ठेवा, ९ बाय ९ ला ११ बाय ११.

आणि झेंडा, म्हणजे इथे सुरुंग असावा म्हणून खेळणारा लावतो ती खूण. बादलीत असलं काही नसतंच. खेळणाऱ्याने चुकून सेफ घरावर झेंडा लावला असेल तर पसरताना ते घर सोडून द्यायचं, विंडोजवाला जुना गेमही तसंच करतो, झेंडा काढून क्लिक करणं खेळणाऱ्याचं काम. माझ्या पहिल्या कोडमधे ते घर झेंड्यासकट उघडायचं आणि उरलेल्या सुरुंगांचा काउंटर शेवटपर्यंत एकाने चुकलेला राहायचा.