एनक्वास मानांकन : सरकारी रुग्णालयाने अर्ज कधी आणि कसा करावा

एनक्वास, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थांच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय प्रमाणपत्र. त्याचा अर्ज भरायला एक दिवस पुरतो. अर्जाला जोडायच्या नोंदी तयार व्हायला मात्र निदान तीन महिने लागतात, कारण तिथे मागितलेली माहिती ओळीने तीन महिन्यांची असते. भिंती रंगवून आणि नवे फलक लावून मग अर्जाचा विचार करणारी रुग्णालये नेमकी इथेच अडतात. म्हणून ही माहिती अर्जाच्या फॉर्मपासून सुरू न करता गुण कसे मोजतात तिथून सुरू केलेली बरी.

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एनक्वास, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी आणले. पुढे सामुदायिक आरोग्य केंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, नागरी आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांसाठीही स्वतंत्र मानके आली. प्रमाणपत्राचे काम दिल्लीचे राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र, म्हणजे एनएचएसआरसी, पाहते.

कोणाला अर्ज करता येतो

फक्त सरकारी आरोग्य संस्थांना. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, नागरी आरोग्य केंद्र आणि आयुष्मान आरोग्य मंदिर झालेली उपकेंद्रे यात येतात. ग्रामीण रुग्णालयाने सामुदायिक आरोग्य केंद्राच्या तपासणी सूच्या वापरायच्या. उपजिल्हा रुग्णालयाला सहसा जिल्हा रुग्णालयाच्याच सूच्या लागतात. खासगी रुग्णालयांसाठी हा मार्ग नाही, त्यांनी एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे जावे.

संस्था थेट दिल्लीला अर्ज पाठवू शकत नाही. आधी स्वतःचे मूल्यांकन, मग जिल्ह्याकडून पाहणी, मग राज्याच्या परीक्षकांचे मूल्यांकन, आणि त्यात पात्र ठरल्यावर राज्याच्या शिफारशीने प्रस्ताव पुढे जातो. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांचा प्रस्ताव जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयातून हलतो, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रांचा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठीच्या कायाकल्प पुरस्काराचे गुण वेगळे आणि एनक्वासचे वेगळे. पण कायाकल्पमध्येच सत्तर टक्क्यांच्या खाली असलेल्या संस्थेने आधी स्वच्छता, कचरा आणि जंतुसंसर्ग नियंत्रण सुधारावे, मगच इकडे वळावे. तेच मुद्दे एनक्वासमध्ये पुन्हा तपासले जातात.

गुणांचे गणित

मानके आठ भागांत विभागलेली आहेत : सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री व मनुष्यबळ, सहायक सेवा, वैद्यकीय सेवा, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि फलनिष्पत्ती. त्यांना ए ते एच अशी अक्षरे आहेत, आणि प्रत्येक भागातल्या मानकांना क्रमांक : ए-२ म्हणजे ए भागातले दुसरे मानक. प्रत्येक विभागाची, म्हणजे अपघात विभाग, बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती कक्ष, शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, औषध भांडार, अगदी शवागाराचीही, वेगळी तपासणी सूची असते.

सूचीतल्या प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. पूर्तता नाही तर शून्य, अर्धवट तर एक, पूर्ण तर दोन. एखाद्या सूचीत २०० मुद्दे असतील तर कमाल गुण ४००. त्यात ३०० मिळाले तर ७५ टक्के. मुद्दा कसा तपासायचा तेही सूचीत लिहिलेले असते : प्रत्यक्ष पाहून, कर्मचाऱ्याशी बोलून, नोंदी पाहून किंवा रुग्णाला विचारून. हा रकाना फार कमी लोक वाचतात. ‘कर्मचाऱ्याशी बोलून’ असे लिहिलेल्या मुद्द्यावर भिंतीवरच्या सुंदर फलकाचा काही उपयोग नाही. तिथे त्या पाळीच्या कक्षसेवकाला सांगता आले पाहिजे की पाच टक्के हायपोक्लोराइटचे एक टक्का द्रावण करायचे तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालायचे.

जिल्हा रुग्णालयाला प्रमाणपत्रासाठी सहा निकष एकाच वेळी गाठावे लागतात. एकूण गुण किमान ७० टक्के. प्रत्येक विभागाचे किमान ७०. आठपैकी प्रत्येक भागाचे किमान ७०. ए-२, बी-५ आणि डी-१० या तीन गाभ्याच्या मानकांत प्रत्येकी किमान ७०. बाकी प्रत्येक मानकात किमान ५०. आणि रुग्ण समाधानाचा गुण ७० टक्के किंवा पाचपैकी ३.५. लहान संस्थांची मानके आणि सूच्या वेगळ्या असल्याने निकष आपापल्या मार्गदर्शक पुस्तिकेतूनच घ्यावेत.

सर्वांत जास्त घात पाचवा निकष करतो. एखाद्या मानकाखाली मोजके चारच मुद्दे असतात, म्हणजे कमाल आठ गुण. त्यात तीनच मिळाले की ३७.५ टक्के, आणि एकूण ८२ टक्के असूनही निकष हुकला. मोठी मानके सगळे नीट करतात, ही छोटी विसरली जातात. स्वमूल्यांकनाचा तक्ता तयार झाला की एकूण टक्केवारीकडे आधी पाहू नका. मानकनिहाय यादी चढत्या क्रमाने लावा आणि वरच्या दहा ओळींवर काम सुरू करा.

गाभ्याची तीन मानके

ए-२ हे माता, नवजात, बालक आणि किशोरवयीन आरोग्यसेवांचे. इथे कुटुंब नियोजन, सुरक्षित गर्भपात सेवा आणि किशोरवयीनांचे मैत्री क्लिनिक खरोखर चालू आहे का हे पाहतात. क्लिनिकला खोली आहे, रजिस्टरही आहे, पण तीन महिन्यांत नोंद एकही नाही, अशा ठिकाणी पूर्ण गुण मिळणार नाहीत.

बी-५ हे आर्थिक संरक्षणाचे, आणि याचे उत्तर खाटेवरचा रुग्ण देतो. ‘औषध बाहेरून आणावे लागले का? सोनोग्राफीला पैसे दिले का?’ असे थेट विचारले जाते. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. तरी जुन्या शुल्काचा फलक कुठल्या तरी कोपऱ्यात टांगलेला राहतो. तो आजच उतरवा. औषध भांडारात साठा आहे आणि वॉर्डात पोहोचलेला नाही, हे बाहेरून औषध आणायला लावण्याचे नेहमीचे कारण. म्हणून वॉर्डच्या मागणीपत्रकाचे दिवस पाळले जातात का ते आधी पाहावे.

डी-१० हे कायदेशीर पूर्ततेचे. इथे कागद असतो किंवा नसतो, मधले काही नाही. याची तयारी सर्वांत आधी सुरू करा, कारण परवाने देणारी कार्यालये तुमच्या मूल्यांकनाच्या तारखेप्रमाणे चालत नाहीत.

अर्जासोबतचे कागद

कायदेशीर कागदांत पहिले जैववैद्यकीय कचऱ्याचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र आणि सामाईक प्रक्रिया केंद्राशी केलेला करार. २०१६ च्या नियमांनुसार मागील वर्षाचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत नमुना चारमध्ये द्यावा लागतो. त्याची पोच जपून ठेवा. प्रक्रिया न झालेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे गाडी कोणत्या दिवशी आली हे रजिस्टरमध्ये पाहिले जाते. दिवाळीच्या सुट्टीत गाडी तीन दिवस आली नाही तर ती त्रुटी रुग्णालयाच्याच नावावर लागते. अशा वेळी संस्थेने प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह लेखी कळवलेले असावे.

अग्निसुरक्षेचा ना-हरकत दाखला एकदा मिळाला म्हणजे काम झाले, असा समज फार पसरलेला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून नमुना ‘ब’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्यानंतर तरी हा कागद केवळ फाइलसाठी आहे असे कोणी मानू नये. सोबत विद्युत तपासणीचा अहवाल आणि मॉक ड्रिलची तारखेसह, सह्यांसह नोंद ठेवावी.

सोनोग्राफी यंत्र असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याखालची, नोंदणी. ती पाच वर्षांसाठी असते आणि मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा असतो. क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना, आणि तंत्रज्ञाच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज. रक्तपेढी किंवा रक्तसाठवण केंद्राचा परवाना, लिफ्ट असेल तर तिचा.

दुसरा गठ्ठा गुणवत्तेच्या कामाचा. संस्थेच्या गुणवत्ता समितीचा स्थापना आदेश आणि मासिक सभांची इतिवृत्ते. गुणवत्ता धोरण आणि उद्दिष्टे. विभागनिहाय कार्यपद्धती, म्हणजे एसओपी. अंतर्गत मूल्यांकनाचे गुण आणि त्रुटीनिहाय कृती आराखडा. औषधांच्या चिठ्ठ्यांचे, उपचारांचे आणि मृत्यूंचे परीक्षण. रुग्ण समाधान सर्वेक्षण, बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण वेगवेगळे, दरमहा प्रत्येकी निदान ३० जणांचे. राज्य मूल्यांकनाचा अहवाल आणि राज्याचे शिफारसपत्र. सोबत संस्थेची माहिती : मंजूर आणि कार्यरत खाटा, पदे, चालू विभाग, इमारतीचा नकाशा.

एसओपी दुसऱ्या जिल्ह्यातून उचलू नका. आत त्या रुग्णालयाचे नाव राहून जाते, आपल्याकडे नसलेली यंत्रे आणि पदे त्यात असतात, आणि परीक्षकाने एक परिच्छेद वाचून नर्सला त्यावर प्रश्न विचारला की सगळे उघडे पडते. चार पानांची का होईना, पण आपल्या कक्षात जसे काम चालते तशी एसओपी जास्त गुण मिळवते. राष्ट्रीय परीक्षक परराज्यातले असतात हेही लक्षात ठेवा. नोंदी मराठीत असतील तर शीर्षके त्यांना कळतील अशी असावीत आणि समजावून सांगायला विभागातलाच माणूस हजर असावा.

निर्देशांक : इथे घाई चालत नाही

एच, म्हणजे फलनिष्पत्तीच्या, भागात उत्पादकता, कार्यक्षमता, वैद्यकीय सुरक्षितता आणि सेवेची गुणवत्ता असे चार गट आहेत. आकडे दरमहा काढायचे असतात. उदाहरणार्थ, १०० कार्यरत खाटा आणि ३० दिवस म्हणजे ३,००० खाटा-दिवस. महिन्यातले एकूण रुग्ण-दिवस २,३४० असतील तर खाटांचा वापर ७८ टक्के. त्या महिन्यात ५२० रुग्ण बाहेर पडले असतील, मृत्यू आणि सल्ल्याविरुद्ध गेलेले धरून, तर सरासरी मुक्काम साडेचार दिवस.

चुका ठरावीक असतात. मंजूर खाटांनी भागायचे की कार्यरत खाटांनी हे दर महिन्याला बदलते. रात्री बाराची मोजणी एका वॉर्डात होते, दुसऱ्यात सकाळी आठला होते. शस्त्रक्रियेच्या जखमेच्या संसर्गाचा दर सलग शून्य दाखवला जातो. परीक्षक लगेच विचारतात की रुग्ण घरी गेल्यावर पाठपुरावा कोणी केला. शून्यापेक्षा मोजलेला खरा दर आणि त्यावर केलेली कृती यांना गुण आहेत. आकडा वाढला, कारण शोधले, बदल केला, पुढच्या महिन्यात उतरला, अशी एक साखळी दाखवता आली तर जी, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या, भागातले गुणही तिथेच मिळतात.

मूल्यांकनाचे दिवस आणि निकाल

कागद तपासल्यावर त्रुटी असतील तर एनएचएसआरसी प्रस्ताव परत पाठवते. नसतील तर परीक्षक नेमते. जिल्हा रुग्णालयाला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याहून कमी. उपकेंद्रांसाठी २८ जून २०२४ पासून आभासी मूल्यांकनाचीही सोय झाली आहे. तिथे मोबाइलची रेंज आणि कॅमेरा धरणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. सुरुवातीच्या सभेत वैद्यकीय अधीक्षकांनी सादरीकरण छोटे ठेवावे. परीक्षकांसोबत फिरताना कर्मचाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्याने देऊ नये, त्याने गुण घटतात.

सगळे निकष गाठले तर प्रमाणपत्र. एकूण सत्तर टक्के आहेत पण काही निकष हुकले तर अटींसह प्रमाणपत्र, आणि ठरलेल्या मुदतीत त्रुटी दूर केल्याचा पुरावा द्यायचा. बरेच निकष हुकले तर निर्णय पुढे ढकलला जातो. सत्तरच्या खाली असाल तर अर्ज नाकारला जातो. पुरावा म्हणून नुसते फोटो पाठवू नका. तारखेची नोंद, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि बदलानंतरची मोजणी जोडा.

प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते. जिल्हा रुग्णालयाला प्रोत्साहनपर रक्कम दर खाटेमागे वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे शंभर खाटांना वर्षाला १० लाख. त्यातले ७५ टक्के सुविधांवर आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांना द्यायचे असतात. सफाई कामगार आणि कंत्राटी कर्मचारी या वाटपातून वगळले गेले तर पुढच्या वर्षी त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवणार? रुग्ण कल्याण समितीच्या सभेत वाटपाची यादी मंजूर करून ठेवा.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी राज्याचे परीक्षक पाहणी करतात आणि त्या पाहणीचा अहवाल दिल्लीला जातो. तिसऱ्या वर्षी पुनर्प्रमाणन. त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्याची वाट न पाहता काही महिने आधीच राज्याकडे द्यावा, कारण राज्य मूल्यांकन पुन्हा व्हावे लागते आणि ओळीने तीन महिन्यांचे निर्देशांक तेव्हाही मागितले जातात.