नावाआधीची चौदा वर्षे : हिंदी महासागरातल्या खवलेपायी गोगलगायीची पार्श्वभूमी

सप्टेंबर 2025मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग या सागरी पर्वतरांगेतल्या 10,000 चौरस किलोमीटर पट्ट्यात बहुधातू सल्फाइडांचा, म्हणजे गंधक आणि धातू यांच्या खनिजांचा, शोध घेण्याचा करार केला. बातम्या आल्या त्या तांबे, जस्त, सोने, चांदी यांच्या. हे धातू समुद्रतळावरच्या ज्या उष्ण झऱ्यांच्या तोंडाशी साचतात, तिथे राहणाऱ्या प्राण्यांबद्दल फारसे कुणी लिहिले नाही. त्या प्राण्यांना ओळखायचे, नाव द्यायचे काम हिंदी महासागरात कसे झाले आणि कुठे रेंगाळले, हे एका गोगलगायीच्या कथेतून नीट दिसते.

सुरुवात अर्थातच पॅसिफिकमधली. 1977मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे 2,500 मीटर खोलीवर असे झरे पहिल्यांदा पाहिले गेले. मोहीम भूवैज्ञानिकांची होती, जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. अचानक हाती आलेले प्राणी टिकवायला जवळचे थोडेसे फॉर्मेलिन पुरेना, म्हणून वाटेत विकत घेतलेली रशियन व्होडका वापरावी लागली. तिथल्या महाकाय नळीकृमीला 1981मध्ये नाव मिळाले. पुढची वीसेक वर्षे लक्ष पॅसिफिक आणि अटलांटिकवरच राहिले.

हिंदी महासागराची पाळी 2000 साली आली. मध्य हिंदी महासागरी रांगेच्या दक्षिण टोकाशी, रॉड्रिग्स बेटाच्या आग्नेयेला, जपानी चमूला सुमारे 2,400 मीटरवर अशा झऱ्यांची धगधगती धुरांडी सापडली. त्या जागेला ‘कायरेई’ हे नाव पडले. पुढच्याच वर्षी, 2001च्या एप्रिलमध्ये, एक अमेरिकी मोहीम तिथे उतरली आणि तिच्या यंत्रहाताने वर आणलेल्या नमुन्यांमध्ये ही गोगलगाय होती.

ती हातात घेतली तर चार-साडेचार सेंटीमीटरची. पाठीवर काळसर शंख, त्यात विशेष काही नाही. उलटी केली की मात्र थक्क व्हायला होते. मांसल पायाच्या कडेने शेकडो खवले, कोकणातल्या घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि त्यांच्यावर लोहाच्या सल्फाइडांचा थर. शंखाचेही तसेच: आत नेहमीचा चुन्याचा थर, मध्ये सेंद्रिय थर, बाहेर लोहसल्फाइड. सांगाड्यात लोहसल्फाइड वापरणारा दुसरा बहुपेशीय प्राणी आजवर माहीत नाही. नमुना हवेत राहिला तर अक्षरशः गंजतो. इंग्रजीत तिला ‘समुद्री पँगोलिन’ म्हणतात. आपल्याकडे खवले मांजर पाहिलेल्या माणसाला ही उपमा वेगळी समजावावी लागणार नाही.

इतका वेगळा प्राणी हाती आल्यावर नाव लगेच ठरेल असे कुणालाही वाटेल. त्याच कायरेईवरच्या कोळंबीचे शास्त्रीय वर्णन 2002मध्ये छापून आले आणि ती ‘रिमिकॅरिस कायरेई’ झाली. गोगलगायीवर 2003मध्ये एका मोठ्या विज्ञानपत्रिकेत लेख आला, खवल्यांमधल्या खनिजांची चर्चा झाली, पुढे 2010मध्ये पदार्थवैज्ञानिकांनी चिलखताच्या दृष्टीने शंखाची ताकद मोजली. या सगळ्या काळात तिचा उल्लेख ‘स्केली-फूट’ या टोपणनावानेच होत राहिला. शास्त्रीय नाव मिळाले ते 2015मध्ये.

मधल्या काळात तिला नावच नव्हते असेही म्हणता येत नाही, आणि गुंता इथेच आहे. ‘क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम’ हे शब्द त्याआधीच फिरत होते. पहिला शब्द ग्रीक, म्हणजे सोनेरी केसांचा, कारण तिच्या अंगातले पायराइट हे लोहसल्फाइड सोनेरी दिसते. दुसरा लॅटिन, म्हणजे खवले वाहणारे. तेव्हाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षरही कमी होते. पण प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता नुसते नाव मानत नाही. नाव रीतसर प्रसिद्ध झाले पाहिजे, सोबत इतरांपासून वेगळे ओळखता येईल असे वर्णन पाहिजे, आणि ज्या एका नमुन्यावर ते नाव टांगले आहे तो होलोटाइप निश्चित केलेला पाहिजे. असे काही नसलेल्या नावाला ‘नोमेन नुडुम’ म्हणतात, म्हणजे नागडे नाव. ते कितीही लेखांत आले तरी संहितेच्या लेखी अस्तित्वात नसते.

मराठीत या गुंत्यात आणखी एक पीळ आहे. वर्तमानपत्रांत सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते. मराठीतल्या जुन्या परिभाषेत मात्र ‘जाती’ हा शब्द स्पीशीजसाठी आणि ‘प्रजाती’ हा जीनससाठी ठरलेला होता. (प्राणिशास्त्रात जीनसला ‘वंश’ही म्हणतात.) बहुतेक वेळा या घोळाने फारसे बिघडत नाही. इथे बिघडते, कारण 2015च्या वर्णनात क्रायसोमॅलॉन हा वंशही नवा होता आणि स्क्वामिफेरम ही जातीही नवी. ‘सापडली’ हा शब्दही तितकाच फसवा. सापडली 2001मध्ये, ठरली 2015मध्ये.

उशीर योग्य होता का, यावर दोन मते आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. घाई नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की खोल समुद्रातले नमुने मोजके असतात. शंखाचा आकार, दातांची पट्टी, आतली रचना आणि जनुकीय अनुक्रम हे सगळे जुळवल्याशिवाय नाव दिले तर पुढच्या पिढीला ते निस्तरत बसावे लागते. ‘अल्व्हिनिकोंका’ या केसाळ शंखाचे उदाहरण ते देतात. 1988मध्ये त्यात एकच जाती होती. दिसायला जवळपास सारखे असणारे हे प्राणी डीएनएच्या आधारे 2015पर्यंत सहा जातींत विभागले गेले, आणि त्यातली एक हिंदी महासागरातली निघाली.

खवलेपायीच्या बाबतीत पेच नेमका उलटा होता. 2009मध्ये कायरेईच्या उत्तरेला ‘सॉलिटेअर’ नावाच्या जागी तशीच गोगलगाय मिळाली, पण पांढरी. खवले होते, लोहाचा थर नव्हता. 2011मध्ये नैऋत्य हिंदी महासागरी रांगेवर ‘लाँगछी’ इथे तिसरी वस्ती हाती आली. काळी आणि पांढरी या दोन जाती मानायच्या का? नुसत्या डोळ्यांनी ठरवले असते तर बहुधा दोन नावे पडली असती. जनुकीय तुलनेत तिन्ही वस्त्या एकाच जातीत बसल्या. रंगाचे कारण पुढे 2019मध्ये स्पष्ट झाले: प्राणी खवल्यांतल्या सूक्ष्म नलिकांतून गंधक बाहेर टाकतो आणि पाण्यातले लोह त्याच्याशी संयोग पावते. सॉलिटेअरच्या पाण्यात लोह फारच कमी, म्हणून खवले कोरे. एकच नाव देण्याचा 2015चा निर्णय माझ्या मते बरोबर होता. मात्र नैऋत्य रांगेवरची आणि मध्य रांगेवरची वस्ती यांच्यात देवाणघेवाण फार कमी आहे, हेही त्याच सुमारास दाखवले गेले. एक वस्ती गेली तर दुसरीकडून ती भरून येईल असे गृहीत धरता येत नाही. ‘जाती एकच’ हे वाक्य उद्धृत करताना हा भाग हमखास गळतो.

आता चौदा वर्षांची किंमत पाहू. नैऋत्य रांगेवर चीनचा शोधकरार 2011मध्ये झाला. लाँगछी त्याच क्षेत्रात येते, आणि तिथल्या सर्वांत विलक्षण प्राण्याला तेव्हा अधिकृत नाव नव्हते. कायरेई ज्या क्षेत्रात येते तो जर्मनीचा करार 2015चा. सॉलिटेअर मॉरिशसच्या हद्दीत. नाव मिळाल्यानंतर चारच वर्षांत, 2019मध्ये, ही गोगलगाय संकटग्रस्त म्हणून जागतिक लाल यादीत गेली. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत आलेली ही पहिली जाती. तेव्हा माहीत असलेल्या तिच्या सगळ्या अधिवासाचे क्षेत्रफळ 0.02 चौरस किलोमीटर भरले, म्हणजे जेमतेम पाच एकर. खाणकाम सुरू झालेले नसताना धोका कसा मोजता, असा आक्षेप घेतला जातो. पाच एकर हा आकडा समोर ठेवला की तो आक्षेप मला टिकणारा वाटत नाही.

2021मध्ये अशा झऱ्यांवरच राहणाऱ्या, वर्णन झालेल्या 184 मृदुकाय जातींचे मूल्यमापन पूर्ण झाले. त्यातल्या 114 धोक्यात निघाल्या.

भारताचा या भागातला पहिला सल्फाइड-करार 2016चा, मध्य आणि नैऋत्य रांगांवरच्या 10,000 चौरस किलोमीटरचा. डिसेंबर 2024मध्ये गोवा आणि चेन्नईतल्या सरकारी संस्थांच्या शास्त्रज्ञांनी मध्य रांगेवर सुमारे 4,500 मीटर खोल एका सक्रिय झऱ्याचे छायाचित्र मिळवले. करारदाराने खनिजांबरोबर तिथल्या जीवसृष्टीची आधारभूत नोंद ठेवायची, ही अट या करारांमध्ये असते. त्या नोंदीत प्राण्यासमोर वंश आणि जातीचे नाव पडायचे तर जहाजावरच उतींचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये जायला हवा, उरलेला प्राणी अखंड राहायला हवा, आणि किनाऱ्यावर तो उघडून वर्षानुवर्षे पाहणारा वर्गीकरणाचा माणूस पगारावर असायला हवा. करारांची मुदत पंधरा वर्षांची असते. खवलेपायीला चौदा लागली होती.